जांभूळ, भात आणि आपली साखर

पावसाच्या तोंडावर बदलापूर-अंबरनाथच्या बाजारात जांभळाच्या टोपल्या आल्या, की गटाच्या बैठकीत आम्हाला एक प्रश्न हमखास येतो. "ताई, जांभळाच्या बियांची पावडर घेतली तर साखरेच्या गोळ्या बंद केल्या तर चालेल का?"

नाही चालणार. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा आपल्याला अभिमान आहे, आणि मधुमेह असलेल्या बाईनंही मूठभर जांभळं जरूर खावीत. पण पावडर किती घ्यायची, किती दिवस, याचं पक्कं माप कोणाकडे नाही. गोळीला माप असतं. गोळी सोडली की साखर गुपचूप चढते. दुखत नाही, खुपत नाही. कळतं तेव्हा नजर अधू झालेली असते, नाहीतर पायाची जखम भरत नसते.

"मी तर काडीसारखी, मला कसला मधुमेह?" असंही ऐकतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलंय, की आपली माणसं सडपातळ दिसली तरी अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. म्हणून वजनकाट्यावर भरवसा ठेवू नका.

आता ताटाकडे वळू. आपला मुलूख भाताचा. भात, तांदळाची भाकरी, पोहे, घावन, सगळं तांदळाचंच, आणि पिठूळ पदार्थाची पोटात साखरच होते. भात सोडा असं आम्ही म्हणत नाही, ते कोणाला जमत नाही. पण खरी अडचण वेगळीच आहे. घरातली बाई शेवटी जेवते. तोवर भाजी संपलेली, आमटीचं पाणी राहिलेलं आणि पातेल्यात भात भरपूर. "फुकट कशाला घालवायचं" म्हणून तोही तिच्याच पोटात जातो. हे पथ्य एकट्या बाईनं पाळायचं नाही, घरानं पाळायचं आहे. भाजी-आमटी वाढायला घेतली, की तिची वाटी आधी बाजूला काढा.

अर्धं ताट भाजीचं हवं, पाव ताट डाळ, कडवे वाल, अंडं किंवा मासळीचं, आणि उरलेल्या पाव ताटात भात किंवा भाकरी. दोन्ही एकदम नको. आधी भाजी-डाळ खा, भात शेवटी. साखर सावकाश चढते. उल्हासनगरच्या सिंधी शेजारणींची साई भाजी आम्हाला फार आवडते. पालक, आंबट चुका, चणाडाळ, एखादी भाजी, सगळं एकत्र शिजवून घोटायचं. पथ्याचं म्हणून वेगळं काही रांधावं लागत नाही. बटाटा मात्र त्यात घालू नका.

नाचणीबद्दल थोडं. नाचणी चांगलीच, पण तिच्यातही पिठूळपणा तांदळापेक्षा फार कमी नाही. कोंड्यासकट दळलेल्या पिठाची एक भाकरी ठीक. वस्त्रगाळ सत्त्वाची पातळ पेज पेलाभर प्यायलात, तर साखर झपकन वर जाते. गुळाचंही तसंच. गुळाचा चहा पिऊन साखर सोडल्याचं समाधान मिळतं, रक्ताला दोन्ही सारखेच. दिवसाला सहा कप चहा, कपाला दोन चमचे, म्हणजे बारा चमचे झाले. निम्मे कप करा, मग चमचे कमी करा.

उपवासाचं जरा जपून. साबुदाणा आणि बटाटा म्हणजे निव्वळ पीठ. आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन दिवसभर उपाशी राहिलं, तर साखर धोक्याइतकी खाली येते. उपवास धरायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला, डोकं गरगरलं, तर उपवास तिथंच मोडा. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटं बसा. बरं वाटलं नाही तर पुन्हा प्या, मग काहीतरी खा. बाई शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीची साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. आशाताईला वार विचारा आणि गटातल्या चौघी-पाचजणी मिळून जा. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणीही डॉक्टरांना विचारून करून घ्या. ती बहुतेकींसाठी सातच्या आत असावी.