बाळंतिणीच्या मनाची विचारपूस

बाळ तासाभरात पुन्हा रडलं की घरातून आवाज येतो, ‘हिचं दूधच पुरत नाही वाटतं.’ खरं तर नवजात बाळ दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा दूध मागतं, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. पण रात्रभर जागलेल्या पहिलटकरणीच्या मनात ते वाक्य रुतून बसतं. मालीश, शेक, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं वेळेवर होतं. तिच्या मनाची विचारपूस तेवढी राहून जाते.

प्रसूतीनंतर संप्रेरकांची पातळी झपाट्यानं उतरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेकींच्या वाट्याला येतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. त्यानंतरही उदासी हटली नाही, बाळ झोपलेलं असूनही डोळा लागेना, ‘मला आईपण जमणारच नाही’ हेच मनात घोळत राहिलं, तर ते प्रसूतीपश्चात नैराश्य असू शकतं. हा आजार आहे आणि तो उपचारांनी बरा होतो.

मात्र सगळा दोष संप्रेरकांवर ढकलता येत नाही. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात 270 मातांचा अभ्यास केला, तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 23 टक्के जणींना प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य होतं. पैशांची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि मुलाची आस असताना झालेली मुलगी, ही त्यामागची कारणं आढळली. म्हणजे आईचा आत्मविश्वास खचतो तो बऱ्याचदा घरच्यांमुळे, आणि तो सावरणंही घरच्यांच्या हातात आहे.

गोव्यातच पुढे आणखी एक प्रयोग झाला. गरोदरपणातच नैराश्य असलेल्या स्त्रियांच्या घरी प्रशिक्षण घेतलेल्या साध्या स्त्रिया, म्हणजे ‘सखी’, जाऊन बोलत, ऐकून घेत. 2019 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी, सखी भेटत होत्या त्या गटात नैराश्यातून बाहेर पडलेल्यांचं प्रमाण जास्त होतं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण अशी सखी कोणत्याही गल्लीत तयार होऊ शकते.

सासूबाई, आई, नवरा, कोणीही असा, आज तिच्याजवळ बसा आणि आधी तिची चौकशी करा. रात्रीचं एक जागरण नवऱ्यानं वाटून घ्यावं. ती भ्रमात बोलू लागली, किंवा स्वतःला अथवा बाळाला इजा करण्याचे विचार बोलून दाखवले, तर तिला एकटं सोडू नका, तडक रुग्णालय गाठा. एरवी मन मोकळं करायला, सल्ला घ्यायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं.