जिप्सीतला इन्व्हर्टर

शिबिराला निघताना जिप्सीत लॅपटॉप आणि वॉकी-टॉकीचे चार्जर चालवायचे, तर १२ व्होल्टच्या बॅटरीवरून २३० व्होल्ट मिळवावे लागतात. ते काम इन्व्हर्टरचे. पण आधी गणित करा. १००० वॅट भागिले १२ म्हणजे ८३ अँपिअर. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरली की जवळजवळ शंभर. त्याला करंगळीएवढी जाड केबल लागते. आपल्या चार्जरांना ३०० वॅट पुष्कळ झाले. सुमारे ३० अँपिअर, १० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि ४० अँपिअरचा फ्यूज.

हा फ्यूज बसवायचा कुठे? मी एकदा तो सीटखाली, इन्व्हर्टरशेजारीच बसवला होता. बदलायला सोपा म्हणून. खडकाळ वाटेवर हादरे बसून केबल इंजिनमागच्या पत्र्याच्या कडेवर घासली, आवरण फाटले आणि धूर निघाला. फ्यूज मात्र शाबूत! प्रवाह बॅटरीतून थेट पत्र्यात जात होता, फ्यूजपर्यंत पोचतच नव्हता. पान्याने निगेटिव्ह टर्मिनल सोडवले, तेव्हा निभावले. फ्यूज राखतो तो केबलला, म्हणून तो बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरातच हवा. पत्र्यातल्या भोकाला रबरी ग्रोमेटही हवेच.

इंजिन बंद असताना ६५ वॅटचा एक चार्जर तासाला सुमारे ६ अँपिअर-अवर खातो. ६० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर तो रात्रभर चालू ठेवलात, तर सकाळी गाडीला धक्का मारायला अख्खी तुकडी बोलवावी लागेल.