इथे शेकोटी पेटवू नका!

नकाशावरचा कोरा भाग दिसला की खेळाडूंचे हात शिवशिवतात. पण 'तिकडे गेलेला कुणी परत आला नाही' अशी भूमी घरच्या टेबलवर उभी कशी करायची? डंजन मास्टर होऊ पाहणाऱ्या सगळ्यांसाठी ही प्रवासाची तयारी.

'स्ट्रेंजर थिंग्ज'चा पहिला एपिसोड आठवतोय? चार मुलं तळघरात बसून फासे टाकत असतात, आणि एक जण भीतीदायक आवाज काढून राक्षस आल्याचं सांगत असतो. तो खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', लाडाने 'डी अँड डी'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये बाजारात आला आणि अजून टिकून आहे. चार-पाच जण एकेका पात्राची भूमिका घेतात. एक जण डंजन मास्टर, म्हणजेच डीएम होतो आणि त्यांच्याभोवतीचं सगळं जग सांभाळतो. खेळाडू म्हणतो, 'मी दार ढकलतो.' दारामागे काय आहे ते डीएम सांगतो. प्रयत्न फसेल अशी शक्यता असली की निकाल वीस बाजूंच्या फाशावर लागतो.

काही महिने गावं, गुहा, चोर, ड्रॅगन असं खेळून झालं की प्रत्येक डीएमला एक स्वप्न पडतं. समुद्रापलीकडे एक खंड असावा. अज्ञात, गूढ, जीवघेणा. तुम्हालाही पडलं असेल, तर वही काढण्याआधी हे वाचा.

मारणं सोपं आहे

डीएमच्या हातात सगळं जग असतं, त्यामुळे खेळाडूंचा जीव घेणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम आहे. 'जहाजातून उतरलात, वाळूतून साप आला, चावला, मेलात.' झालं. पण पुढच्या शनिवारी तुमच्याकडे खेळायला कोण येणार?

गायगॅक्सने १९७५ मध्ये एका स्पर्धेसाठी 'टूम ऑफ हॉरर्स' नावाचं थडगं रचलं. १९७८ मध्ये ते छापून आलं आणि आजही 'सगळ्यात निर्दय डंजन' म्हणून त्याचं नाव निघतं. भल्याभल्या खेळाडूंची तिथे वाट लागली. पण ते स्पर्धेसाठी होतं. तीन-चार तास खेळायचं, कोण किती आत पोहोचतं ते बघायचं. तुमचा खंड वर्षभर चालायचा आहे. आपल्या पात्रावर सहा महिने जीव लावलेला मित्र समोर बसलेला असतो. ते पात्र मेलं तर त्याला वाईट वाटणारच, आणि वाटायलाही हवं. पण त्या वाईट वाटण्यात 'अरे, हे मला कळायला हवं होतं' असं असलं तर तो पुढच्या वेळी पुन्हा येतो. 'यात माझं काय चुकलं?' असं असलं तर येत नाही.

म्हणजे जीवघेणा खंड घडवताना खरं काम मृत्यूंची यादी करण्याचं नाहीच. प्रत्येक मृत्यूआधी खेळाडूच्या डोळ्यांसमोर काय ठेवलं होतं, याचा हिशोब ठेवण्याचं आहे. हे नीट समजायचं असेल तर एका खऱ्या मोहिमेची गोष्ट ऐका.

नऊ तासांची चुकामूक

२० ऑगस्ट १८६०. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नहून रॉबर्ट बर्क आणि विल्यम विल्स यांची मोहीम निघाली. खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे पार करायचा होता. मधला मोठा भाग युरोपियनांच्या नकाशावर कोरा होता. सोबत जवळपास २० टन सामान, त्यात टेबल-खुर्च्यासुद्धा. वाळवंटासाठी उंट हवेत म्हणून ते थेट ब्रिटिश हिंदुस्थानातून मागवलेले.

वाटेत कूपर्स क्रीक या नदीकाठी त्यांनी तळ ठोकला. तिथून डिसेंबरमध्ये चौघे पुढे निघाले. १८६१ च्या फेब्रुवारीत ते उत्तर किनाऱ्याजवळ पोहोचले, पण खारफुटीच्या दलदलीमुळे समुद्र काही दिसला नाही. परतीच्या वाटेवर एकाचा मृत्यू झाला. उरलेले तिघे २१ एप्रिलच्या संध्याकाळी खंगलेल्या अवस्थेत तळावर आले, तर तळ रिकामा. चार महिने वाट बघून तिथली माणसं त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. झाडावर 'खणा' असा संदेश कोरून खाली थोडं अन्न पुरलेलं होतं.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. ही जागा ओसाड नव्हती. नदीत मासे होते, आणि यांड्रुवांधा लोक तिथे पिढ्यान्पिढ्या राहत होते. ते नार्डू नावाच्या नेच्याच्या बियांसारख्या कणांचं पीठ करून खायचे. त्यांचं बघून या तिघांनीही नार्डू खायला सुरुवात केली. पोट भरायचं, पण अंगातली ताकद जायची. नार्डूत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. यांड्रुवांधांची ते भाजण्याची, दळण्याची, पाण्यात कालवण्याची ठरलेली पद्धत होती आणि त्यामुळे तो घटक निष्प्रभ व्हायचा, असं संशोधक मानतात. पाहुण्यांनी पदार्थ उचलला, कृती उचलली नाही. मदतीला येणाऱ्या स्थानिकांना तर बर्कने बंदूक झाडून पळवूनही लावलं. १८६१ च्या जूनअखेरीच्या सुमारास बर्क आणि विल्स दोघेही गेले. तिसरा, जॉन किंग, यांड्रुवांधांसोबत राहिला. सप्टेंबरमध्ये शोधपथक आलं तेव्हा तो जिवंत होता.

डीएमच्या नजरेने बघा. या गोष्टीत एकही राक्षस नाही. आहे ते अन्न, अंतर, वेळ आणि न विचारलेला एक प्रश्न. तरी अंगावर काटा येतो, कारण उत्तर सतत त्यांच्या समोरच होतं.

रहस्याचं उत्तर आधी लिहा

नवे डीएम इथेच अडकतात. धुकं, पडकी मंदिरं, रात्री येणारे आवाज असं सगळं गोळा करतात आणि यामागे काय आहे ते 'नंतर बघू' म्हणून सोडून देतात. खेळाडूंना हे तिसऱ्या सेशनला कळतं. उत्तर नसलेलं कोडं सोडवायला कुणाला मजा येत नाही.

आपण एक नमुना करून बघू. खंडाचं नाव ठेवू 'काळखंड', कारण समुद्रातून रात्री बघितलं तर तिथे एकही दिवा दिसत नाही. आता वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहा: 'या जंगलाखाली मुळांचं एकच जिवंत जाळं आहे आणि धूर लागला की ते जागं होतं.' बाकी सगळं यातून येऊ द्या. धातू वितळवणारं जुनं साम्राज्य का बुडालं? भट्ट्यांमुळे. स्थानिकांची हत्यारं दगडाची आणि हाडांची का? त्याच कारणाने. सगळ्यात वाईट ऋतू कोणता? विजांचा. आणि तुमच्या ग्रुपमधला जादूगार पाचव्या लेव्हलला मोठ्या हौसेने फायरबॉल शिकलाय ना? आता त्याचं लाडकं शस्त्र हाच सगळ्यात मोठा धोका झाला. बघा, एका वाक्यात किती काम झालं!

मग येतात खुणा. जस्टिन अलेक्झांडर या गेम डिझायनरचा 'तीन खुणांचा नियम' डीएम मंडळींत प्रसिद्ध आहे. खेळाडूंनी एखादा निष्कर्ष काढावा असं वाटत असेल तर त्यासाठी निदान तीन खुणा ठेवा, कारण एक त्यांना दिसणार नाही, दुसरी ते विसरतील. आपल्या काळखंडात पहिली खूण जहाजावरच ठेवू. किनारा दिसायला लागताच खलाशी न बोलता कंदील विझवतात. दुसरी, पडकं गाव. भिंती आहेत, जातं आहे, रांजण आहेत, पण एकाही घरात चूल नाही. तिसरी, आधीच्या मोहिमेचा तळ. अर्धवट जळालेली लाकडं आणि त्यांच्याभोवती मुठीसारखी आवळलेली मुळं.

एवढं बघूनही पहिल्या रात्री कुणी म्हणालं, 'मी शेकोटी पेटवतो,' तर टेबलभोवतीच्या एकाने तरी त्याचा हात धरायला हवा. कुणीच धरला नाही, तर फासे काढा. आता तो मृत्यू त्यांचा आहे.

पाणी संपलं की खरा खेळ

खंड मोठा वाटायला हवा असेल तर खेळाडूंना तो चालावा लागला पाहिजे. २०१७ चं 'टूम ऑफ ॲनायहिलेशन' हे साहसाचं पुस्तक यासाठी चाळून बघा. त्यात चुल्ट नावाचं जंगल आहे. नकाशा षटकोनी घरांचा, एक घर म्हणजे १० मैल. जंगलातून साधारण दिवसाला एक घर, नदीतून होडीने गेलात तर दोन. खेळाडूंच्या हातातला नकाशा बराचसा कोराच असतो. वाट शोधण्याचा फासा डीएम गुपचूप टाकतो. तो हुकला तर मंडळी भलत्याच घरात पोहोचतात आणि आपण हरवलोय हे त्यांना माहीतही नसतं. उकाड्यात पाणी जास्त लागतं, आणि न उकळलेलं प्यायलात तर आजाराचा धोका. म्हणून पावसाचं पाणी धरायची ताडपत्रीसुद्धा इथे तलवारीइतकी मोलाची होते.

'एबेरॉन' या जगातला झेन्ड्रिक खंड आणखी वेगळा. तिथे प्रवाशांना शाप आहे. अंतरं आणि दिशा स्थिर राहत नाहीत, काल ज्या वाटेने गेलात ती आज तिथेच नेईल याची खात्री नाही. त्यामुळे नकाशा कधीच पुरा होत नाही. कल्पना जबरदस्त आहे, पण जपून वापरा. खेळाडूंनी मेहनतीने काढलेला नकाशा दर वेळी खोटा ठरला तर ते नकाशा काढणंच सोडून देतील.

बेन रॉबिन्सच्या 'वेस्ट मार्चेस' मोहिमेतली युक्ती मात्र कुठेही चालते. गाव सुरक्षित, आणि गावापासून जितकं लांब तितका धोका जास्त. किती पुढे जायचं ते खेळाडूच ठरवतात, त्यामुळे जोखीम त्यांनी स्वतः घेतलेली असते. आणि मागे फिरणं म्हणजे हरणं नाही, हेही त्यांना आपोआप कळतं.

अज्ञात, पण कुणासाठी?

आता जरा अवघड प्रश्न. 'अज्ञात खंड' हे शब्द कोण वापरतं? यांड्रुवांधांना कूपर्स क्रीक अज्ञात नव्हतं. ते त्यांचं घर होतं. कोरा होता तो मेलबर्नमध्ये बसलेल्यांचा नकाशा. आपल्या देशाचाही 'शोध' बाहेरून आलेल्या लोकांनी लावला असं शाळेच्या पुस्तकात वाचत आपण मोठे झालो, त्यामुळे ही गंमत आपल्याला पटकन कळायला हवी.

फँटसी खेळांत ही जुनी सवय आहे. जंगल, त्यात भाले घेतलेली 'रानटी' माणसं, आणि खजिना उचलायला आलेले नायक. आफ्रिकेच्या धर्तीवर रंगवलेल्या चुल्टवरही अशी टीका झाली. २०२० मध्ये 'डी अँड डी'च्या प्रकाशकांनी जाहीर केलं की 'टूम ऑफ ॲनायहिलेशन'च्या पुनर्मुद्रणात वंशाबाबत असंवेदनशील असलेला मजकूर त्यांनी बदलला आहे.

काही जणांना हे उगाच ओढूनताणून आणलेलं वाटेल. पण याने खेळ सपक होत नाही, उलट रंगतो. काळखंडातले लोक त्याला काळखंड म्हणत नाहीत. त्यांच्या भाषेत त्याचं नाव 'निवारा' आहे. ते मासे उन्हात वाळवतात, धान्य भिजवून आंबवतात, आणि विजांच्या ऋतूत कुठे जायचं ते त्यांच्या पोराबाळांनाही ठाऊक आहे. तुमच्या खेळाडूंना जगायचं असेल तर त्यांच्याशी बोलावं लागेल. आणि ते का बोलतील? हातात मशाल घेऊन आलेल्या अनोळखी माणसावर तुम्ही तरी विश्वास ठेवाल का? इथून पुढे ही फक्त जीव वाचवण्याची गोष्ट राहत नाही. बर्क व्हायचं की किंग, हे टेबलवरच्या प्रत्येकाला ठरवावं लागतं.

पहिल्या सेशनआधी एवढं कराच

• मित्रांना स्पष्ट सांगा: 'या मोहिमेत पात्रं मरू शकतात. चालेल?' नको म्हणणाऱ्याचं ऐका. कुठले विषय टेबलवर नकोत तेही आत्ताच विचारा.

• प्रत्येकाला एक जादाचं पात्र तयार ठेवायला सांगा. मेलेल्या पात्राच्या मालकाने तीन तास मोबाइल बघत बसू नये.

• खंडाचं रहस्य एका वाक्यात लिहा. जमत नसेल तर अजून विचार करा.

• प्रत्येक मोठ्या धोक्याच्या तीन खुणा ठरवा. त्यातली एक अगदी ढळढळीत ठेवा.

• पूर्ण खंड काढत बसू नका. एक बंदर, भोवतीची दहा-बारा घरं आणि लांबून दिसणारी एक विचित्र गोष्ट, एवढ्यावर पहिले चार सेशन सहज निघतात.

• मेलेल्यांना विसरू नका. आधीच्या पात्राची वही, बूट, अर्धवट नकाशा पुढच्यांना सापडू द्या. त्यांच्या चुकीतून नवे लोक वाचले, तर ते मरण वाया जात नाही.

बाकी वही, पेन्सिल आणि फासे. कंदील मात्र किनारा दिसायच्या आत विझवा.