कोणत्या शाळेत होतास?

इंग्रजी वर्णमालेतलं आठवं अक्षर उत्तर आयर्लंडमध्ये दोन तऱ्हांनी म्हटलं जातं. प्रोटेस्टंट घरातली मुलं बहुधा ‘एच’ म्हणतात, कॅथलिक घरातली ‘हेच’. हिंसाचाराच्या वर्षांत परक्या वस्तीत सापडलेल्या माणसाला अडवून एबीसीडी म्हणायला लावायचे, अशा गोष्टी बेलफास्टमध्ये अजूनही सांगितल्या जातात. एका ‘ह’वरून माणूस आपला की त्यांचा ते ठरायचं.

आपल्याकडे आडनाव विचारतात. आडनावावरून उलगडा झाला नाही की ‘मूळचे कुठले?’ असा पुढचा प्रश्न येतो. विचारणारा गोड हसत असतो, पण आपली जागा ठरवली जातेय हे ज्याला विचारलं जातं त्याला नेमकं कळतं. बेलफास्टमध्ये या कामासाठी वेगळा प्रश्न आहे: ‘कोणत्या शाळेत होतास?’ शाळेच्या नावात ‘सेंट’ आलं की बहुधा कॅथलिक. कारण तिथे कॅथलिक मुलं कॅथलिक धर्मसंस्थेच्या शाळांत जातात आणि प्रोटेस्टंट मुलं सरकारी शाळांत. या सरकारी शाळांतल्या कित्येक मुळात प्रोटेस्टंट चर्चच्याच होत्या, चर्चने त्या सरकारच्या हवाली केल्या. शिक्षक घडवणारी कॉलेजंसुद्धा दोन आहेत: सेंट मेरीज आणि स्ट्रॅनमिलिस. एकाच शहरात राहणारी दोन मुलं बालवाडीपासून नोकरी लागेपर्यंत एका बाकावर बसलेलीच नसतात, असं सहज घडतं.

वसईचा कॅथलिक आणि नगरचा प्रोटेस्टंट यांच्यात पंथाचा फरक आहे, हेही आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसतं. उत्तर आयर्लंडमध्ये या फरकाला राजकारण चिकटलेलं आहे. एका बाजूला आयर्लंडशी एक होऊ पाहणारे बहुतांशी कॅथलिक आणि दुसऱ्या बाजूला ब्रिटनशी नातं टिकवू पाहणारे बहुतांशी प्रोटेस्टंट. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८च्या शांतता करारापर्यंत सुमारे साडेतीन हजार माणसं त्यात मेली. दोघेही येशूचं नाव घेणारे. म्हणून तिथे एखादी ख्रिस्ती शाळा ‘आम्ही सगळ्यांना सामावून घेतो’ म्हणते, तेव्हा पहिला प्रश्न उठतो तो ख्रिस्त्यांनी ख्रिस्त्यांना सामावून घेण्याचा.

हे काम अंगावर घेतलेल्या पहिल्या शाळेचं नाव लॅगन कॉलेज. बेलफास्टमधून वाहणाऱ्या लॅगन नदीवरून ते ठेवलं आहे. नावात कॉलेज असलं तरी ही माध्यमिक शाळा आहे, अकराव्या वर्षी मुलं तिथे दाखल होतात.

शाळा काढली ती पालकांनी. १९७०च्या दशकात काही कॅथलिक आईवडिलांनी मुलांना सरकारी शाळांत घातलं होतं. त्या भागाचे कॅथलिक बिशप फिल्बिन यांनी अशा मुलांना दृढीकरणाचा संस्कार द्यायला नकार दिला. कॅथलिक घरात या नकाराचा अर्थ काय होतो, हे वसईकरांना समजावून सांगायला नको. आप्तेष्ट जमायचे असतात, नवे कपडे शिवायचे असतात आणि आपल्या मुलाला रांगेबाहेर काढलं जातं. त्या पालकांनी धर्म सोडला नाही, मुलांच्या धर्मशिक्षणाची सोय स्वतः केली. त्यातून १९७४ साली ‘ऑल चिल्ड्रन टुगेदर’ नावाची चळवळ उभी राहिली आणि प्रोटेस्टंट पालक तिच्यात सामील झाले. बेटी बेंटन आणि सेसिल लिनहन या दोन आया त्यात आघाडीवर होत्या. ब्रिटिश संसदेतले लॉर्ड डनलेथ यांच्या प्रयत्नांतून १९७८ साली कायदा झाला आणि आधीपासूनच्या शाळांना दोन्हीकडच्या मुलांची एकात्म शाळा होण्याची वाट मोकळी झाली. त्या वाटेवर कुणी पाऊल टाकेना. तेव्हा पालकांनी ठरवलं, आपणच काढू.

सप्टेंबर १९८१ मध्ये शहराच्या दक्षिणेला, शॉज ब्रिजजवळच्या बालवीरांच्या केंद्रात शाळा भरली. मुलं २८. मुख्याध्यापिका शीला ग्रीनफील्ड.

ते वर्ष लक्षात घ्यायला हवं. तुरुंगातल्या आयरिश प्रजासत्ताकवादी कैद्यांचं उपोषण त्या वसंतात सुरू झालं होतं. मे महिन्यात त्यांच्यातला बॉबी सँड्स गेला, त्याच्यामागून आणखी नऊ जण. रस्त्यांवर दगडफेक आणि जाळपोळ होती, अंत्ययात्रांना हजारोंची गर्दी लोटत होती. उपोषण ऑक्टोबरच्या सुरुवातीला थांबलं, म्हणजे शाळा उघडली तेव्हा ते चालूच होतं. त्या शहरात गणवेशावरून मुलाचा धर्म कळतो, बसथांब्यावर उभं राहिलेलं मूल लांबूनच ओळखू येतं. अशा दिवसांत २८ घरांनी मुलांना कुणाच्याच ओळखीचा नसलेला गणवेश घालून घराबाहेर पाठवलं. एकात्म शिक्षणाबद्दल पुढे अहवाल निघाले, कायदे झाले. मला मात्र त्या २८ घरांतली ती सकाळ सगळ्यांत मोठी वाटते.

सरकारी पैसा नव्हता. आपल्याकडच्या विनाअनुदानित शाळेसारखीच स्थिती होती: पालकांचे पैसे, देणग्या आणि कर्ज. अँग्लिकन पंथाच्या सिस्टर ॲना होर निधीसाठी खूप फिरल्या. शाळा चालते हे दिसल्यावर १९८४ साली अनुदान सुरू झालं. १९८९च्या शिक्षण सुधारणा आदेशाने एकात्म शिक्षणाला उत्तेजन देणं हे शिक्षण खात्याचं कर्तव्यच ठरवलं. पुढे शाळा कॅसलरे टेकड्यांवर, वारसास्थळं जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टच्या लिस्नाब्रीनी इथल्या जागेत गेली. आज तिथे हजाराहून जास्त मुलं शिकतात आणि अर्ज जागांपेक्षा अधिक येतात.

आता दोन्ही बाजूंची समानता रोजच्या रोज चालते कशी ते बघू. तिथे ती मोजून केली जाते. एकात्म शाळांचं प्रवेशाचं मूळ सूत्र असं: साधारण ४० टक्के मुलं कॅथलिक, ४० टक्के प्रोटेस्टंट, उरलेल्या २० टक्क्यांत इतर धर्मांची आणि कुठलाच धर्म न मानणारी. ‘आमच्याकडे सगळ्यांना दार उघडं आहे’ असं म्हणणाऱ्या संस्था मी पुष्कळ पाहिल्या आहेत. दार उघडं असतं, पण उंबऱ्याशी येणाऱ्याला आत आपलं कोणीच दिसत नाही आणि तो परत फिरतो. वर्गात मोजक्या परक्या मुलांना घेतलं तर ती पाहुण्यासारखी वावरतात. कुणाचीही बाजू पाहुण्याची उरणार नाही इतकी संख्या दोन्हीकडे असली, म्हणजे मूल मान वर करून बसतं. तेच शिक्षकांचं आणि नियामक मंडळाचं. शिक्षकांच्या नेमणुकीत धर्म बघायला तिथे २०२२च्या कायद्यापर्यंत मुभा होती, भेदभावविरोधी कायद्यातून शाळांचे शिक्षक वगळलेले होते. म्हणजे मिश्र शिक्षकखोलीसुद्धा कुणालातरी मुद्दाम घडवावी लागली.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. भांडण नको म्हणून खुणा पुसून टाकायच्या, हा सोपा मार्ग होता. कपाळ कोरं, छाती कोरी, धर्माचा विषय बंद. एकात्म शाळांनी उलटी वाट धरली: मुलाने आपलं सगळं घेऊन यावं. राखेच्या बुधवारी कॅथलिक मुलं कपाळावर राखेचा क्रूस घेऊन येतात. कॅथलिक शाळेत त्या दिवशी वर्गभर राखच दिसते आणि सरकारी शाळेत बहुधा एकही ठिपका नसतो. मिश्र वर्गात काहींच्या कपाळावर ती असते, काहींच्या नसते, आणि शेजारचं मूल विचारतं, हे काय लागलंय? नोव्हेंबर आला की ब्रिटिश सैन्यातल्या मृतांच्या स्मरणार्थ प्रोटेस्टंट मुलं कोटाला तांबडं कागदी पॉपीचं फूल लावतात. ज्यांच्या वस्तीत त्याच सैन्याने घराघरांत झडत्या घेतल्या, त्या घरातल्या मुलाला ते फूल खुपतं. अशा वेळी फूल काढायला लावून भागत नाही. फूल लावणाऱ्याने ते का लावलं हे सांगायचं, न लावणाऱ्याने का नाही हे सांगायचं, आणि तासभर वर्गात ते बोलणं निभावून न्यायचं. शिक्षकासाठी गणितापेक्षा हे कठीण.

सकाळच्या प्रार्थनेचंही तसंच. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना दोन्ही पंथांना तोंडपाठ असते. पण कॅथलिक जिथे थांबतात तिथे प्रोटेस्टंट थांबत नाहीत. त्यांची शेवटी स्तुतीची एक ओळ जास्त असते. मिश्र सभागृहात ही प्रार्थना सुरू झाली की सगळा आवाज एक असतो, आणि शेवटाला निम्मे आवाज गळून पडतात. उरलेले थोडा वेळ पुढे जातात, मग तेही थांबतात. एका ओळीपुरता हा फरक रोज कानांवर पडतो आणि त्यामुळे छप्पर कोसळत नाही, एवढं मुलांना आपोआप कळतं.

लॅगनचं बोधवाक्य तीन लॅटिन शब्दांचं आहे. अटक होण्याआधीच्या रात्री येशूने आपल्या माणसांच्या एकीसाठी केलेल्या, योहानाच्या शुभवर्तमानातल्या प्रार्थनेतून ते घेतलं आहे. बायबलमधलं हवं ते वाक्य भिंतीवर लावता आलं असतं. त्यांनी नेमकं हे निवडलं, कारण तिथल्या ख्रिस्त्यांनी हेच वाक्य सगळ्यांत कमी पाळलं होतं, असं मला वाटतं.

सगळं सुरळीत आहे असं मी म्हणणार नाही. शाळा सर्व कुवतींच्या मुलांची, पण काही जागा अकराव्या वर्षीच्या प्रवेश परीक्षेतल्या गुणांवर भरल्या जातात. उत्तर आयर्लंडमध्ये या परीक्षेने मुलांची दुसरी वाटणी केली आहे. ती वाटणी हुशार आणि बिनहुशार अशी म्हटली जाते, पुष्कळदा निघते पैसेवाल्यांची आणि गरिबांची. धर्माची भिंत पाडणाऱ्या शाळेने ही दुसरी भिंत थोडीशी का होईना ठेवली, हे मला खटकतं. शाळेला मागणी टिकवायची होती हे मान्य करूनही खटकतं.

आणि आता ‘इतर’ वाढताहेत. २०२१च्या जनगणनेत ४५.७ टक्के लोक कॅथलिक किंवा कॅथलिक घरात वाढलेले निघाले, ४३.५ टक्के प्रोटेस्टंट आणि इतर ख्रिस्ती घरांत. यांतले काही धरून, आज आपला कुठलाच धर्म नाही म्हणणारे १७.४ टक्के. शाळांतल्या धर्मशिक्षणाचा अभ्यासक्रम मात्र चार मोठ्या चर्चनी मिळून आखलेला. बेलफास्टच्या एका मुलीच्या घरच्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि ते शिक्षण पुरेसं वस्तुनिष्ठ, चिकित्सक आणि बहुविध नाही, असा निर्णय २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. लॅगनसारख्या शाळा स्वतःला ख्रिस्ती वळणाच्या म्हणवतात आणि सर्व धर्मांच्या, तसंच धर्म न मानणाऱ्या मुलांचंही स्वागत करतात. दोन पंथांना समान मान देताना जे शिकलं, ते एखाद्या मुसलमान, हिंदू किंवा नास्तिक घरातल्या मुलासाठी किती पुरेल, हा त्यांच्यापुढचा आजचा प्रश्न आहे. माझ्या मते पुरेल, पण सभागृहात बहुसंख्य आवाज एकसाथ उठत असताना गप्प राहणाऱ्या मुलाकडे कुणीतरी रोज बघितलं तरच.

२०२२ साली एकात्म शिक्षणाचा नवा कायदा झाला. तरीही अशा शाळांत जाणारी मुलं तिथे शंभरात दहासुद्धा नाहीत. वस्त्यांमधल्या भिंती उभ्याच आहेत, काही तर शांतता करारानंतर बांधलेल्या.

तरी एक गोष्ट घडलेली आहे. बेलफास्टमध्ये नोकरीच्या पहिल्या दिवशी, लग्नाच्या पंगतीत, टॅक्सीत, कुणीतरी सहज विचारतं, ‘कोणत्या शाळेत होतास?’ आणि समोरचा सांगतो, ‘लॅगन.’ विचारणारा क्षणभर घुटमळतो. त्या उत्तरावरून त्याला काहीच कळलेलं नसतं.