तोलामोलाची जोड

सातारा-सांगलीकडच्या माणसाला कुस्तीचं मैदान समजावून सांगावं लागत नाही. जत्रा असो की उरूस, शेवटच्या दिवशी कुस्त्या ठरलेल्या. पण मैदानातली एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हलगी कडाडते, सलामी झडते आणि आपलं सगळं लक्ष कोण कोणाला चीत करतो याकडे लागतं. या पैलवानापुढे हाच पैलवान का दिला, असा प्रश्न कोणी विचारत नाही. जोड नीट लागली असेल तर तो मनात येतच नाही. जोड चुकली, एकानं दुसऱ्याला पापणी लवायच्या आत उचलून आपटलं, की मात्र कडेला बसलेला म्हातारासुद्धा ओरडतो, 'अरं, ही काय जोड हाय व्हय?'

आज मला याच जोडीविषयी बोलायचं आहे, पण जरा वेगळ्या मैदानातल्या. कॉम्प्युटरवर खेळायचे काही खेळ असतात, त्यांना रोल प्लेइंग गेम म्हणतात. खेळणाऱ्यानं एक भूमिका घ्यायची, योद्ध्याची किंवा जादूगाराची. त्या सोंगात गावं, जंगलं, किल्ले पालथे घालायचे, वाटेत शत्रूंशी लढायचं आणि लढता लढता ताकद वाढवायची. या खेळांचं मूळ १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या कागद-पेन्सिल आणि फाशांच्या खेळात आहे. पुढे तोच प्रकार कॉम्प्युटरवर आला आणि आता पोरांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये शिरला आहे.

मी कवितेचा माणूस, बी. ए. पर्यंत शिकलेला. कॉम्प्युटरचं शास्त्र मला येत नाही. पण माझा भाचा पुण्यात असे खेळ तपासायचं काम करतो. त्याला एकदा विचारलं, 'तुम्ही दिवसभर तिथं करता तरी काय?' तो म्हणाला, 'मामू, आमचं निम्मं काम जोड लावायचंच आहे. समोरचा शत्रू किती दांडगा ठेवायचा, एवढंच बघायचं.' तेव्हापासून हा विषय मला जवळचा वाटू लागला.

त्यानं सांगितलेला हिशेब सोपा आहे. समजा, नायकाला १०० गुणांचा जीव दिला आणि राक्षसाला ६०. नायकाचा एक घाव १५ गुणांचा, राक्षसाचा १०. आळीपाळीनं घाव घालायचे, पहिला नायकानं. चौथ्या घावाला राक्षस संपतो. तोवर नायकानं तीन घाव खाल्लेले असतात, म्हणजे त्याचे ७० गुण शिल्लक राहतात. ही झाली सोपी लढत. आता ती अवघड करायची, तर आळशी खेळकर्ता राक्षसाचा जीव दुप्पट करतो. मग आठ घाव लागतात आणि नायकाकडे ३० गुण उरतात. पण बारकाईनं पाहा. डोक्याला नवीन काम काय मिळालं? काहीच नाही. तोच घाव चारऐवजी आठ वेळा घातला. दोन बलदंड पैलवान डोक्याला डोकं लावून पाऊण तास नुसते रेटत राहिले, तर त्या कुस्तीला कोणी अवघड कुस्ती म्हणत नाही. लोक घड्याळ बघतात आणि शेवटी पंच ती सोडवतात.

जाणकार खेळकर्ता राक्षसाला जास्त जीव देत नाही, एक नवा डाव देतो. तो राक्षस दर तिसऱ्या घावाला झेप घेईल, किंवा पाण्यात उभा असताना त्याला घाव लागणारच नाही. आता खेळणाऱ्याला थांबून विचार करावा लागतो. प्रत्येक डावाला तोड असते आणि ती शोधण्यात खेळाची गोडी असते. तालमीत वस्ताद पट शिकवतात, तसा पटाचा बचावही शिकवतात. ढाक, कलाजंग, घिस्सा ही नावं आपल्याकडच्या पोरांच्या तोंडी असतात ती त्यामुळेच. अंगात ताकद नुसती भरून भागत नाही, ती कुठं लावायची हे कळावं लागतं.

दुसरी गोष्ट क्रमाची. मैदानाची सुरुवात रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होते. चिमुरडी पोरं लाल मातीत लोळतात, रेवड्या घेऊन हसत बाहेर येतात. मग हळूहळू इनामाचा आकडा चढतो आणि पहिल्या नंबरची कुस्ती दिवस कलल्यावर सर्वांत शेवटी लागते. मुशायऱ्यातही नवे शायर आधी वाचतात आणि बुजुर्गांची पाळी शेवटी येते. ही नुसती मानपानाची रीत नाही, ऐकणाऱ्याचा कान तयार करायची ती पद्धत आहे.

१९८६ साली जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' नावाचा खेळ निघाला. त्यात हीच चढण फार शहाणपणानं बांधली होती. राजवाड्याच्या आसपास भेटतात ते मऊ, गोळ्यासारखे दुबळे जीव. पूल ओलांडून पुढं जावं तसे शत्रू दांडगे होत जातात. आणि खेळणारा मेला तर? तो पुन्हा राजापुढे उभा राहतो. गाठीची निम्मी मोहरं जातात, पण लढून कमावलेला अनुभव एका गुणानंही कमी होत नाही. हरण्याची किंमत मोजावी लागते, पण शिकलेलं कोणी काढून घेत नाही. चांगल्या तालमीचाही हाच कायदा असतो.

याच्या उलट उदाहरण २००६ सालच्या 'ऑब्लिव्हियन' या गाजलेल्या अमेरिकी खेळाचं. त्यात अशी योजना होती की खेळणाऱ्याची ताकद वाढली की शत्रूंचीही वाढते. कागदावर ही जोड कायमची बरोबरीची. पण खेळता खेळता विचित्र प्रकार दिसू लागला. रस्त्यावर किरकोळ लूटमार करणारे चोर राजाला परवडावीत अशी चिलखतं घालून समोर येऊ लागले. लोकांनी तक्रार केली ती रास्तच होती. सहा महिने जोर-बैठका काढून तालमीतून बाहेर पडावं आणि गल्लीतलं प्रत्येक पोरगं तेवढंच तगडं झालेलं दिसावं, तर घाम गाळायचा कशाला? तोल म्हणजे प्रत्येक वेळी बरोबरी नव्हे. काल ज्यानं मला पाडलं त्याला आज मी सहज पाडतो, हा आनंदही खेळणाऱ्याचा हक्क आहे.

आता वादाचा मुद्दा. खेळात सोपं, मध्यम, अवघड अशा पायऱ्या निवडायला द्याव्यात का? २०११ सालच्या 'डार्क सोल्स' या खेळानं ही निवडच दिली नाही. सर्वांना एकच कठीण वाट. त्याचे चाहते म्हणतात, सोपी वाट दिली की जिंकण्याची किंमत जाते. मला हे पूर्ण पटत नाही, आणि न पटण्याचं कारण आपल्या कराड तालुक्यातल्या गोळेश्वरात आहे. तिथले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ५२ किलो वजनगटात लढले आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. वजनगट नसते आणि त्यांच्यापुढं शंभर किलोचा पैलवान उभा केला असता, तर जगाला काय दिसलं असतं? फक्त वजन दिसलं असतं, त्यांची चपळाई दिसली नसती. त्या पदकाला हलक्या गटाचं पदक म्हणून कोणी कमी लेखत नाही. पायरी निवडणं म्हणजे सवलत मागणं नव्हे. आपली खरी कसोटी कुठं लागेल ती जागा शोधणं आहे.

मुलींच्या कुस्तीनंही हेच दाखवलं. तयारी असली तरी वर्षानुवर्षं मुलींना जोडच मिळत नसे. २०२३ साली सांगलीत महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. आधी मैदान मिळालं, मगच ताकद लोकांना दिसली.

अर्थात वजन हे एकच माप नाही. आमच्या भागातल्या एका छोट्या मैदानात बारा वर्षांच्या पोराची कुस्ती लावलेली मी पाहिली आहे. काट्यावर दोघं सारखे भरत होते, पण समोरचा चार वर्षं तालमीत घुमत होता आणि याला चार महिने झाले होते. सलामी झाली न झाली तोच हा पाठीवर होता. लोक हसले. त्या पोराला कसं हरलो तेच कळलं नाही, म्हणून पुढं काय सुधारावं तेही कळलं नाही. तो परत तालमीत आला नाही. याउलट २०२२ साली साताऱ्यात झालेल्या महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत आठवा. पृथ्वीराज पाटील यांनी विशाल बनकर यांना ५-४ असं हरवलं. एका गुणाचा फरक. अशा लढतीत हरलेल्यालाही ठाऊक असतं की आपण कुठं कमी पडलो. माझ्या मते सगळ्या तोलाचं सार यातच आहे. हरणाऱ्याला हरण्याचं कारण समजलं पाहिजे.

म्हणूनच मोबाइलवरच्या काही खेळांविषयी मला काळजी वाटते. हे खेळ फुकट मिळतात. पहिले दोन-चार दिवस लढाया सोप्या जातात, पोरगं रंगतं. मग अचानक एक शत्रू असा येतो की काही केल्या हटत नाही. इथं डावाला तोड ठेवलेलीच नसते. त्याऐवजी पडद्यावर एक दुकान उघडतं: इतके रुपये भरा, ही तलवार घ्या. म्हणजे जोड मुद्दाम चुकवलेली असते, कारण चुकलेल्या जोडीवरच त्यांची कमाई चालते. मैदानात इनाम कुस्ती मारल्यावर मिळतं. इथं पैसा आधी मोजायचा आणि जिंकणं विकत घ्यायचं. आपल्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीला लोक नुरा कुस्ती म्हणतात आणि तिच्यावर थुंकतात. ही त्याच जातीची गोष्ट आहे, फक्त फसणारा प्रेक्षक नसून स्वतः खेळणारा असतो.

घरोघरचे आईबाप विचारतात, पोरांना हे खेळ खेळू द्यावेत की नाही? सरसकट उत्तर माझ्याकडे नाही. पण एक कसोटी सांगतो. पोरगं खेळत असताना दहा मिनिटं त्याच्याशेजारी बसा आणि ते हरेल तेव्हा नीट पाहा. हरल्यावर हा खेळ त्याला काय सांगतो? तुझा पवित्रा चुकला, पुन्हा ये, असं सांगतो का? मग तो चांगल्या वस्तादाच्या हाताखाली आहे, फार घाबरू नका, फक्त वेळेचं भान ठेवा. की, बापाचा खिसा घेऊन ये, असं सांगतो? मग त्याला हाताला धरून त्या मैदानातून बाहेर काढा, आणि का काढलं तेही समजावून सांगा. नाहीतर त्यालाही आपण का हरलो ते कळायचं राहून जाईल.