दोन खांब

गेल्या कार्तिकांत आमचे नाशिकचे बालमित्र मुंबईस आले, ते एका कागदावर सही करण्यासाठीं. वडिलार्जित वाडा पाडून तेथें सदनिका बांधावयाच्या, असें त्यांच्या दोघां धाकट्या बंधूंनीं ठरविलें होतें. थोरल्यांची सही तेवढी उरली होती. बंधूंस आम्ही दोष देत नाहीं. आषाढांत माजघरभर गळतीखालीं पातेलीं मांडण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला नाहीं, त्यांनींच वाड्यांचे गोडवे गावे!

सही दुसऱ्या दिवशीं व्हावयाची होती. मधली दुपार जाईना, म्हणून आम्हीं त्यांस वस्तुसंग्रहालयांत नेलें. आमच्या पिढीच्या तोंडीं अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच; १९९८ पासून त्यास छत्रपति शिवाजी महाराजांचें नांव आहे. कोनशिला १९०५ सालची, इमारत १९१४ त पुरी झाली. पण महायुद्ध उभें राहिलें आणि मूर्तींच्या आधीं तेथें जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या. लोकांसाठीं दारें उघडलीं तीं १९२२ च्या जानेवारींत.

खालच्या दालनांत मीरपूर खासच्या स्तूपावरील भाजक्या मातीच्या मूर्ति आहेत. त्यांतील कमळ घेतलेल्या पुरुषापुढें आम्ही रेंगाळलों. मित्र मात्र पुढें निघून गेले. त्यांचें चित्त कागदापाशींच होतें.

चित्रांच्या दालनांत ते प्रथम बोलते झाले. पंचतंत्र आम्हीं दोघांनीं एकाच बाकावर बसून घोकलें व पुढें आम्हीं तें तीस वर्षें शिकविलें. त्यांतील करटक व दमनक हे कोल्हे सहाव्या शतकांत पहलवी भाषेंत गेले, आठव्यांत अरबींत कलीला व दिम्ना झाले, पंधराव्याच्या अखेरीच्या सुमारास फारसी 'अन्वार-इ-सुहेली'मध्यें शिरले. त्या ग्रंथाची अकबरकालीन सचित्र प्रत याच संग्रहालयाच्या संग्रहीं आहे. हें सर्व आम्हीं शिक्षकी उत्साहानें सांगितलें. मित्र म्हणाले, "कोल्ह्यांचें बरें आहे रे. नांव बदललें तरी जगले. घर असें उचलून नेतां येत नाहीं."

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. त्यांस मधल्या घुमटाखालीं नेऊन वर पाहावयास सांगितलें. घुमटावर विजापूरच्या गोलघुमटाची छाया. पण त्याखालचें कोरीव लाकूडकाम नाशिकच्या एका जुन्या वाड्यांतलें. वास्तुकार विटेट यानें तें या दगडी इमारतींत बसविलें.

मित्र बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मग जिना चढून गेले आणि लाकडावर हात ठेवणार, तोंच पहारेकऱ्यानें हटकलें. "आजोबा, हात लावूं नका."

"आमच्या चौकांतले खांब असेच," ते हात मागें घेऊन म्हणाले. "पण त्यांना टेकून आम्ही मुंजींत जेवलों आहों."

बाहेर बागेंतील बाकावर त्यांनीं आमचें पेन मागून घेतलें व पाकिटाच्या पाठीवर चार ओळी लिहिल्या: चौकाचे खांब व देवडीची चौकट वखारींत विकूं नये, भावांनीं वांटून घ्यावी. दुसऱ्या दिवशीं हें कलम कागदांत चढल्यावरच त्यांनीं सही केली. धाकटे बंधू थोडे हंसले, पण नाहीं म्हणाले नाहींत.

वाडा माघांत उतरला. मित्रांच्या वांट्याचे दोन खांब, नवी जागा मिळेपर्यंत, गिरगांवांत आमच्या गॅलरींत आडवे ठेवले आहेत. सूनबाईंस कपडे वाळत घालतांना अडचण होते. नातवंडें मात्र रोज त्यांवर बसूनच दूध पितात.