बोटीवर जीपीएसचा अँटेना बसवताना

समुद्रात जीपीएस गंडला की दोष आधी यंत्राला दिला जातो. केबिनमधले यंत्र पुष्कळदा धडच असते. बिघाड असतो तो छपरावरचा अँटेना आणि यंत्र यांच्यामधल्या केबलमध्ये, त्यातही तिच्या जोडात.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा संदेश बोटीपर्यंत पोचतो तो अतिशय क्षीण होऊन. शिवाय ठिकाण पक्के करायला एका वेळी किमान चार उपग्रह लागतात. म्हणून अँटेनाला चहूबाजूंनी मोकळे आकाश हवे.

मोकळे आकाश म्हणजे उंची नव्हे. वायरलेसचा अँटेना जितका उंच तितका त्याचा पल्ला लांब. जीपीएसचे तसे नाही. डोलकाठीवर पाच मीटर उंच बसवलेला अँटेना, बोट वीस अंश कलली की पावणेदोन मीटर बाजूला सरकतो आणि यंत्र तीही बोटीची चाल धरते. मग संथ चालताना पडद्यावरचा वेग आणि दिशा नाचू लागतात. त्यापेक्षा केबिनचे छप्पर बरे. तिथेही वायरलेसच्या अँटेनापासून किमान मीटरभर अंतर ठेवा. रडार असेल तर त्याच्या झोतात अँटेना येऊ देऊ नका. ट्रॉलरच्या लोखंडी कमानीपासूनही तो दूर हवा. लोखंडावर आपटून आलेला संदेश लांबच्या वाटेने येतो आणि ठिकाण चुकवतो.

आता केबल. अँटेनाच्या आतच एक छोटा अॅम्प्लिफायर असतो. त्याला लागणारी तीन ते पाच व्होल्ट वीज यंत्र त्याच केबलमधून वर पाठवते. जोड करताना केबलच्या बाहेरच्या तारजाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला, तरी अॅम्प्लिफायर बंद पडतो. केबल ५० ओहमची घ्या. टीव्हीची केबल ७५ ओहमची असते आणि तिला अँटेनाचा कनेक्टर नीट बसत नाही. बळेच बसवलेला जोड इंजिनाच्या थरथरीने ढिला होतो. बारीक आरजी-५८ केबलमधून दहा मीटर गेल्यावर संदेश चौथाईहूनही कमी उरतो. म्हणून अँटेनासोबत आलेली केबलच वापरा, मध्ये तुकडा जोडून ती वाढवू नका. उरलेली केबल मोठ्या वेटोळ्यात बांधा. घट्ट दुमडलेली केबल आतून चेपते.

छपराच्या भोकात केबल ग्लँड बसवा आणि भोकाची कड सीलंटने बंद करा. केबल भोकात शिरण्याआधी तिला खाली थोडा झोळ द्या. वरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते, आत जात नाही.

खारे पाणी खरे शिरते ते कनेक्टरमधून. कनेक्टर हाताने घट्ट पिळा. मग एकजीव होणारी रबरी टेप दुप्पट ताणून खालून वर गुंडाळा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत. त्यामुळे वरचा वेढा खालच्यावर कौलांसारखा बसतो आणि पाणी बाहेरच ओघळते. उन्हासाठी वरून साध्या काळ्या टेपचा थर द्या. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन जोडात भरू नका. त्यातले आम्ल तांबे खाते.

यंत्राची वीज बॅटरीपासून वेगळ्या तारेने आणा आणि फ्यूज बॅटरीजवळच लावा. स्टार्टरच्या तारेवरच जोडले, तर इंजिन सुरू करताना व्होल्टेज पडते आणि यंत्र बंद होऊन पुन्हा चालू होते.

शेवटी परीक्षा. यंत्रावर उपग्रहांचे पान उघडा आणि संदेशाचा जोर दाखवणाऱ्या पट्ट्यांची उंची पाहा. इंजिन सुरू करून पुन्हा पाहा. मग वायरलेसचे बटण दाबून बोला. बोलताना पट्ट्या खाली गेल्या, तर दोन अँटेना फार जवळ आहेत किंवा एखादा जोड कच्चा आहे.

१ जूनपासून मासेमारी बंद होते आणि बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात. तेव्हा प्रत्येक जोडाची टेप सोडून पाहा. तांब्यावर हिरवट थर दिसला, तर घासून भागवू नका, कनेक्टर बदला. नारळी पौर्णिमेआधी हे काम उरकलेले बरे.